वळणावरून घर जाईल का?

घर आधी पसंत पडलं होतं. दोन पेट्यांचं घर. कारखान्यात दोन लांबट भाग पूर्ण तयार होणार, आत फरशी, नळ, वायरिंग, खिडक्यांच्या काचासुद्धा बसवून होणार आणि जागेवर आणून ते दोन भाग एकमेकांना जोडले की राहायला जायचं. कॅटलॉगमधल्या चित्रात ते हिरवळीवर अलगद टेकलेलं होतं. मी ते चित्र इतक्या वेळा पाहिलं होतं की त्यातल्या पायरीवर कुठली कुंडी ठेवायची हेही मनात ठरून गेलं होतं.

जमीन होती. रस्त्यापासून थोडी आत, लांबट आकाराची. घरात सगळे तिला 'सपाट प्लॉट' म्हणायचे.

बाबांचं आयुष्य बांधकामावर गेलं. पाया खणण्यापासून गिलाव्यापर्यंत दुसऱ्यांची घरं त्यांनी उभी करून दिली. कॅटलॉग त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा त्यांनी चष्मा लावून पानं उलटली, भिंतीच्या जाडीवर बोट ठेवून पुटपुटत काहीतरी हिशेब केला आणि विचारलं, "हे येणार कुठून?"

मी कारखान्याचा पत्ता सांगायला लागले.

"ते नाही गं. येणार कुठून? कुठल्या वाटेनं?"

त्या चित्रात रस्ता नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

विटांचं घर जागेवर पोचतं ते सुट्ट्या वस्तूंनी. वाळू, सिमेंट, विटा, सळ्या. गल्ली अरुंद असली तर छोटा टेम्पो येतो, टेम्पोही जात नसेल तर माणसं पाट्यांतून माल वाहतात. शिवाय जागेवर गवंडी असतो. एक कोपरा दोन इंच खाली असला तर तो एक थर वाढवतो, भिंत काटकोनात बसत नसली तर वीट छाटतो. घर आणि जमीन यांच्यातली तडजोड तो रोज, न बोलता करत असतो. तयार घराला ही सवड नसते. ते कारखान्यात काटेकोर मापानं बनतं आणि बनलेलं असतं तसंच येतं. जी काही सवड काढायची ती जमिनीनं आणि वाटेनं काढायची. म्हणून प्लॉट तयार घराला योग्य आहे का हे बघायला निघालात तर पहिली भेट प्लॉटला देऊ नका, असं मी आता प्रत्येकाला सांगते. मोठ्या रस्त्यावर गाडी उभी करा आणि तिथून पायी या.

आम्ही तसेच निघालो. बाबांनी एक लांब बांबू आणला होता. आमची पेटी तीन मीटर रुंद, बारा मीटर लांब आणि सव्वातीन मीटर उंच. ती ट्रेलरवर चढली की ट्रेलरची उंची धरून सव्वाचार मीटरवर जाणार. बाबांनी बांबूवर साडेचार मीटरला लाल फडकं बांधलं आणि तो उभा धरून चालायला लागले. जिथे फडकं झाडाच्या फांदीला किंवा केबलला लागेल तिथे मी वहीत खूण करायची. विजेची तार दिसली की ते लांबच थांबायचे, बांबू आडवा करायचे. "ओला बांबू वीज वाहतो," ते म्हणाले. "तारेची उंची वीजवाल्यांच्या माणसाकडूनच मोजून घ्यायची. आपण हात लावायचा नाही." सहाशे मीटरच्या वाटेवर फडकं अकरा ठिकाणी अडलं. फांद्या छाटता येतात, केबल वर ताणता येते. मी प्रत्येक खुणेपुढे उपाय लिहीत होते आणि मला बरं वाटत होतं.

मग ते वळण आलं.

मी त्या वळणावरून शेकडो वेळा गेले होते. दोन्हीकडे कंपाउंडच्या भिंती, गल्ली चार मीटरची, आणि ती काटकोनात वळून पुन्हा चार मीटरचीच. आपण चालत जातो तेव्हा वळणाला रुंदी असते हे ध्यानातच येत नाही. बाबा तिथे बराच वेळ उभे राहिले. त्यांनी खडूनं रस्त्यावर रेघा मारल्या, टेप धरायला मला पलीकडे उभं केलं. लांब ट्रेलर वळतो तेव्हा त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत, ती आतला कोपरा कापत येतात. त्यामुळे ट्रेलर जेवढा लांब, तेवढं वळण रुंद लागतं. पण आमच्या बाबतीत ट्रेलरच्या चाकांपर्यंत जायची गरजच पडली नाही. घरी येऊन मी कागदावर भूमिती मांडली. चार मीटरच्या दोन गल्ल्या काटकोनात मिळतात तिथून तीन मीटर रुंदीची पेटी, ती चाकांवर न ठेवता हवेत तरंगत नेली असं धरलं तरीसुद्धा, सुमारे सव्वापाच मीटरपेक्षा लांब असेल तर वळत नाही. एक टोक समोरच्या भिंतीला लागतं, तेव्हा मधला भाग आतल्या कोपऱ्याला. आमची पेटी बारा मीटरची.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कुंडी ठेवायची पायरी सारखी डोळ्यांपुढे येत होती.

दुसरा मार्ग होता वरून. आमची वाट फिरून येत असली तरी सरळ रेषेत मोठा रस्ता प्लॉटपासून जवळ होता. तिथे क्रेन उभी करायची आणि पेटी उचलून मधल्या घरांवरून आत ठेवायची. क्रेनवाले जागा बघायला आले. मी उत्साहानं सांगायला लागले की एकेक पेटी अकरा टनांची आहे, तुमची क्रेन पन्नास टनी, म्हणजे प्रश्नच नाही. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"ताई, वजन नंतर सांगा. आधी अंतर सांगा."

क्रेनचे पन्नास टन हे अगदी तिच्या अंगाशी, अडीच-तीन मीटरवर उचलायचे टन असतात. बूम जसजशी लांब पसरते तसतशी तिची ताकद झपाट्यानं घटते. मुलाला कडेवर घेणं आणि त्याच मुलाला हात लांब करून धरणं, यात जेवढा फरक तेवढा. क्रेन जिथे उभी राहणार तिथून घराच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजलं तर चौतीस मीटर भरलं. तेवढ्यावर पन्नास टनी क्रेन अकरा टन उचलण्याचा विचारही करू शकत नाही. तिथे कितीतरी पट मोठी क्रेन लागणार, तिचा तोल सांभाळणारी वजनं वेगळ्या ट्रकमधून येणार आणि तिचे आउटरिगर, म्हणजे दोन्ही बाजूंना पसरणारे लोखंडी पाय, टेकायला भक्कम जमीन लागणार. उचलताना बहुतेक भार ज्या बाजूला बूम आहे तिकडच्या पायांवर जातो. त्यांनी बुटानं रस्त्याच्या कडेची फरशी ठोकली. खालून पोकळ आवाज आला. तिथून गटार जात होतं.

"आणि पेटी या लोकांच्या छपरावरून जाणार," मधल्या घरांकडे बोट दाखवून ते म्हणाले. "त्यांना तेवढा वेळ घराबाहेर थांबायला सांगाल? मी तर माझी पेटी कुणाच्या डोक्यावरून नेत नाही."

मला त्या माणसाचा राग आला होता. आज वाटतं, आमच्या सगळ्या तपासणीत सगळ्यात प्रामाणिक वाक्य त्याचं होतं. घर विकणाऱ्यांच्या फॉर्मवर मात्र 'साइटपर्यंत पोच आहे का?' असा एकच प्रश्न होता, पुढे हो आणि नाही असे दोन चौकोन. मी त्यात 'हो' वर खूण करून पाठवलंही होतं. पोच होतीच की, आमची मोटार जायची.

त्यानंतर काही दिवस मी तयार घरांविषयी मिळेल ते वाचत राहिले. वाचता वाचता लक्षात आलं की वाटेचा प्रश्न माझ्या एकटीचा नव्हता, तो या घरांइतकाच जुना आहे. १८३०च्या दशकात लंडनच्या मॅनिंग नावाच्या सुतारानं ऑस्ट्रेलियाला निघालेल्या आपल्या मुलासाठी सुटं करून नेता येईल असं लाकडी घर बनवलं आणि पुढे तशी घरं तिकडे जाणाऱ्या इतरांसाठीही बनवली. त्या घराविषयी सांगितलं जायचं ते असं की त्याचा कुठलाही तुकडा एका माणसाला किंवा मुलाला उचलून काही मैल नेता येईल यापेक्षा जड नाही. हे वाचून मी थांबले. त्या सुतारानं घराचा आराखडा करताना जहाज आणि बंदर तर धरलंच होतं, बंदरापलीकडची बिनरस्त्याची जमीनही धरली होती. अमेरिकेत सीअर्स कंपनीनं १९०८ ते १९४० या काळात कॅटलॉगमधून सत्तर हजारांच्या आसपास घरं विकली, तीही तुकड्यांत, रेल्वेच्या वाघिणीतून. स्टेशनापासून प्लॉटपर्यंत माल न्यायचा गिऱ्हाइकानं आणि पायाही त्यानंच बांधायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये दीड लाखांहून अधिक तात्पुरती तयार घरं उभी राहिली. त्यांतली ॲल्युमिनियमची घरं चार भागांत यायची, चार लॉऱ्यांवर. चार भाग का? लॉरीवर मावावेत आणि रस्त्यानं जावेत म्हणून. कॅनडातल्या माँट्रियलचं हॅबिटॅट ६७ हे निवासी संकुल, वास्तुरचनाकार मोशे साफदींनी रचलेलं, ३५४ काँक्रीटच्या पेट्या एकमेकींवर रचून केलेलं. त्या पेट्या ओतायचा कारखाना जागेला लागूनच उभारला होता.

प्रत्येकानं वाटेचा विचार करून घराचे तुकडे किती मोठे ठेवायचे ते ठरवलं होतं. मी उलटं केलं होतं. तुकडा आधी ठरवला आणि मग वाट त्याला जुळेल का ते बघत होते.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग वाट कळली. आता जमीन बघू. का आत्ताच सोडून द्यायचं?"

पाण्याची नळी घेऊन आम्ही प्लॉटवर गेलो. लेव्हल बघायचं जुनं आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर साधन. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, बुडबुडे काढून टाकायचे आणि दोघांनी दोन टोकं धरायची. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीवर थांबतं, मध्ये झाड असो, खड्डा असो, कोपरा असो. बाबा वरच्या कोपऱ्यात खुंटीपाशी बसले, मी खालच्या कोपऱ्यात पट्टी लावून. नळीतलं पाणी वर-खाली झुलायचं, मग हळूहळू स्थिर व्हायचं. तेवढा वेळ दोघांनीही हात हलवायचा नाही, बोलायचंही नाही. मी मापं सांगत होते, बाबा वहीत लिहीत होते. पंधरा मीटर लांबीत जमीन नव्वद सेंटिमीटर उतरत होती.

आमचा 'सपाट प्लॉट' शंभराला सहाच्या उतारावर होता. इतकी वर्षं आम्ही त्यावर उभे राहिलो आणि आमच्या डोळ्यांना तो सपाट वाटत आला, कारण शेजारचं कुंपणही त्याच उतारानं जात होतं.

उतार हा काही दोष नाही. पण तयार घराला त्याचं उत्तर आधीच द्यावं लागतं. वरची बाजू खणून ती माती खालच्या बाजूला टाकली की प्लॉट एका दिवसात सपाट दिसतो, आणि नेमका तोच धोका असतो. अर्धं घर मूळच्या घट्ट जमिनीवर, अर्धं ताज्या भरावावर. भराव दबत राहतो आणि घराचं एक टोक दुसऱ्याच्या आधी खाली बसतं. विटांच्या भिंतीत मग तिरकी भेग दिसते. तयार घरात ते दोन भागांच्या सांध्यावर उमटतं. सांधा उघडतो, दार चौकटीत घासायला लागतं, छताच्या जोडातून पाणी येतं. त्यापेक्षा उतार तसाच ठेवून कमी-जास्त उंचीच्या खांबांवर घर टेकवणं बरं. हलक्या घराला ते जमतं, आणि खालून वारा खेळल्यामुळे जमिनीची ओल तळाला धरत नाही.

पण खांब कशावर उभे करायचे? त्यासाठी खड्डा घ्यायलाच हवा होता.

घराच्या दोन टोकांना दोन खड्डे घेतले. वरच्या खड्ड्यात दोन वितींवर मुरूम लागला, कुदळीचा खणखणीत आवाज आला. बाबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. खालच्या खड्ड्यात कुदळ गुपचूप आत जात राहिली. गुडघाभर खाली गेल्यावर विटेचे तुकडे आले, मग कौलाचा एक तुकडा, मग मातीनं काळी पडलेली प्लॅस्टिकची पिशवी. बाबांनी पिशवी दोन बोटांत धरून वर काढली, झटकली आणि माझ्या हातात दिली. "ही जमीन नाही. हे कुणीतरी आणून टाकलंय." दीड मीटरवरही भरावच होता, आणि तळाशी पाणी पाझरून बोटभर साठलं होतं.

शेजारच्या आजी कुंपणाशी येऊन बघत होत्या. त्या म्हणाल्या, "इथून तर ओघळ जायचा. आम्ही राहायला आलो तेव्हा पोरं त्यात होड्या सोडायची. मग बुजवला कुणी तरी."

एवढी मोलाची माहिती मला कुठल्याच कागदावर मिळाली नसती. ओघळ बुजवला म्हणून पाणी आपली वाट विसरत नाही. जोराचा पाऊस पडला की ते त्याच बाजूला येणार. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आमचं छप्पर बहात्तर चौरस मीटरचं, म्हणजे पन्नास मिलिमीटरच्या एका पावसात नुसत्या छपरावरून साडेतीन हजार लिटरच्या वर पाणी त्या कोपऱ्याकडे निघणार. तोवर मी पावसाचा विचार छप्पर गळतं का, एवढाच केला होता.

खालच्या खड्ड्यातली माती मी घरी आणली. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि जोरात हलवायचं. बरणी खिडकीत ठेवली. मिनिटभरात वाळू तळाला बसली. दोन-तीन तासांनी त्यावर गाळाचा मऊ करडा थर बसला. वरचं पाणी मात्र गढूळच राहिलं, रात्रभर, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. मग शेवटी चिकणमातीचा थर दिसायला लागला, आणि तो थर निम्म्याच्या आसपास होता. मी येता-जाता त्या बरणीसमोर थांबत असे. उरलेल्या मातीचा बाबांनी ओला गोळा करून उन्हात ठेवला होता. तो वाळून आक्रसला आणि त्याला पार आतपर्यंत चिरा पडल्या.

अशी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. आणि इथे तयार घराचा हलकेपणा, ज्याचं कॅटलॉगमध्ये कौतुक असतं, तो उलटा पडतो. जड घर आपल्या वजनानं फुगणाऱ्या मातीला थोडंफार दाबून धरतं. हलकं घर ती माती सहज उचलते, एकीकडून जास्त, एकीकडून कमी. बरणी आणि गोळा हे आमचं समजून घेणं झालं, निर्णय त्यावर घ्यायचा नसतो. म्हणून मातीची रीतसर तपासणी करून घेतली. तिपाई उभी करून साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून खाली सोडतात आणि नळी तीस सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. वरच्या बाजूला ठोके भराभर वाढत गेले. खालच्या बाजूला सुरुवातीला चार-पाच ठोक्यांतच नळी आत गेली, आणि खरी जमीन लागली ती दोन मीटरच्या खाली. म्हणजे खालच्या रांगेतले खांब तिथपर्यंत न्यायचे, भराव आणि ती फुगणारी माती दोन्ही ओलांडून. करता येण्याजोगं होतं. माहीत असतं तर, एवढंच.

हलक्या घराबद्दल आणखी एक गोष्ट, कारण ती फार जण सोडून देतात. पाया घराला वर धरतो तसा त्यानं घराला खालीही धरून ठेवायचं असतं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, वेग दुप्पट झाला की दाब चौपट. १९९२ साली अँड्र्यू चक्रीवादळानं फ्लोरिडात कारखान्यात बनलेली हजारो घरं उद्ध्वस्त केली आणि १९९४ साली अमेरिकेला अशा घरांसाठीचे वाऱ्याचे नियम कडक करावे लागले. प्लॉट उघड्या माळावर, टेकडीच्या माथ्यावर किंवा दोन टेकड्यांच्या खिंडीत असेल तर घर विकणाऱ्याला आधी हे विचारायचं: पायाला बांधणारे बोल्ट कुठे, किती आणि किती खोल?

बोल्टवरून आठवलं. तयार घराच्या पायाला चूक परवडत नाही. घराचा तळ कारखान्यात बनलाय, त्याची भोकं ठरलेली आहेत. सांडपाण्याचा पाइप तळातून जिथे बाहेर येणार तिथेच खाली जमिनीतला पाइप उभा पाहिजे, विताभर बाजूला असून चालत नाही. बाबांनी सुतळीनं घराचा आराखडा आखला, तीन-चार-पाचच्या मापानं कोपऱ्यांचा काटकोन धरला आणि मग दोन्ही कर्ण मोजले. बारा बाय सहाच्या चौकोनाचा कर्ण तेरा मीटर बेचाळीस सेंटिमीटर. एक बरोबर आला, दुसरा तीन सेंटिमीटर जास्त. त्यांनी एक खुंटी उपटून पुन्हा ठोकली. मग पुन्हा. मी म्हटलं, "बाबा, अजून घर कुठलं घ्यायचं तेही ठरलं नाही. आत्ता एवढं कशाला?" त्यांनी उत्तर दिलं नाही, सुतळी ताणून धरली.

सांडपाण्याची लाइन वरच्या अंगाला, रस्त्यात होती आणि घर खालच्या अंगाला. पाइपाला साठात एक असा उतार द्यायचा तर वीस मीटरमध्ये तेहतीस सेंटिमीटर खाली जायला हवं, आणि आम्हाला तर वर जायचं होतं. घर उंच खांबांवर आलं की त्यातला बराचसा फरक भरून निघत होता, हे त्या उताराचं आमच्यावरचं एक ऋणच म्हणायचं. परवानग्या, हद्दीपासून सोडायचं अंतर, कारखान्यात बनलेल्या घराला कर्ज मिळतं की नाही, ही विचारपूस जिथली तिथे वेगळी असते. ती घर ठरवण्याआधी करायची, इतकंच सांगते.

आखलेल्या सुतळीच्या आत मी एक अख्खा दिवस खुर्ची टाकून बसले. सकाळी स्वयंपाकघर येणार होतं तिथे, दुपारी निजायच्या खोलीत. तयार घराची खिडकी नंतर हलवता येत नाही. दुपारी तीननंतर निजायच्या खोलीवर सरळ ऊन येत होतं आणि स्वयंपाकघरासमोर शेजाऱ्यांची भिंत होती. तोच आराखडा आरशात बघितल्यासारखा उलटा करून मागवता येतो असं विचारल्यावर कळलं. कॅटलॉगमध्ये ते छापलेलं नव्हतं.

मग आम्ही सगळं वहीत मांडलं. जमीन: कठीण, पण तिला उत्तर आहे. पाणी: वाट करून द्यावी लागेल. ऊन: उलटा आराखडा. वळण: नाही.

बाबा 'नाही' या शब्दाकडे बघत बसले. मग त्यांनी विचारलं, "तो सुतार कोण म्हणालीस तू? मुलासाठी घर करणारा?"

आम्ही पेट्यांचं घर सोडलं. त्याऐवजी सुट्ट्या भिंतींचं घर घ्यायचं ठरवलं. हलक्या पोलादी चौकटीच्या भिंती कारखान्यात बनतात, आडव्या रचून लहान ट्रकमधून येतात आणि जागेवर उभ्या करून जोडतात. त्यातला सगळ्यात जड तुकडा चार माणसांनी उचलता येईल एवढाच. यात गमावलं तेही सांगते. पेट्यांचं घर दोन दिवसांत उभं राहिलं असतं, याला काही आठवडे लागणार. सांधे दोनाऐवजी कितीतरी, आणि प्रत्येक सांधा नीट बंद झाला का हे बघायला तिथे उभं राहावं लागणार. छप्पर चढेपर्यंत पाऊस आला तर सगळं झाकावं लागणार. फरशी, नळ, वायरिंग हे बरचसं काम पुन्हा जागेवर आलं. ज्यांच्या प्लॉटपर्यंत रुंद, सरळ रस्ता आहे, तारा उंच आहेत, क्रेन घराच्या अंगाशी उभी राहू शकते, त्यांनी खुशाल पेट्यांचं घर घ्यावं, मला तेच आवडलं होतं. आमचा प्लॉट वाईट होता असंही मी म्हणणार नाही. त्याच्यापर्यंत येणारी वाट माणसाच्या खांद्याच्या मापाची होती, आणि घरही त्या मापाचं निवडायला हवं होतं.

खांब भरले गेले, वरचे आखूड, खालचे माझ्या कमरेपर्यंत. जुन्या ओघळाच्या वाटेनं दगडी चर काढला. पहिल्या पावसात मी छत्री घेऊन तिथे जाऊन उभी राहिले. पाणी आलं, चरात शिरलं आणि खांबांना वळसा घालून निघून गेलं.

भिंती आल्या त्या दिवशी पहिला ट्रक वळणाच्या अलीकडे थांबला. ड्रायव्हर उतरला, वळणापर्यंत चालत गेला, दोन्ही भिंतींकडे बघून परत आला. बाबा कोपऱ्यावर उभे होते, हातात तोच बांबू, लाल फडकं आता खाली, साडेतीन मीटरला बांधलेलं.

"काका, जाईल ना?" त्यानं विचारलं.

"ये," बाबा म्हणाले आणि बांबू धरून पुढे चालायला लागले.